आमच्या अँबेसिडरला वरातीचे टायर

अँबेसिडरवाल्या मंडळींनो, नमस्कार. दत्ताभाऊ, कंबर कशी आहे? शकीलभाई, साखर आटोक्यात आहे ना? मालतीताई, डोळ्यात औषध टाकायला विसरू नका. आम्ही दोघं बरे आहोत, पण आज डोकं तापलंय.

आपल्या अँबेसिडरचे पुढचे टायर गुळगुळीत झाल्ते. सकाळी गाडी जुन्या जालन्यात टायरवाल्याकडं लावली. "आहेत त्याच मापाचे बसव," सांगून आम्ही दोघं बाजारात गेल्तो. येऊन पाहतो तर पुढं हे रुंद टायर.

"काका, जुन्या गाड्या आता वरातीलाच लागतात. रुंद टायरवर फोटोत भारी दिसतात," टायरवाला म्हणला.

अरे, गाडी चालवतं कोण, हे विचारायला तोंड होतं ना? हिला पॉवर स्टेरिंग न्हाई. टायर जेवढा रुंद, तेवढं स्टेरिंग जड. आमच्या सौ. सुमनबाई दर आठवड्याला स्वतः गाडी घेऊन बदनापूरला जातात, अंथरुणावरच्या बहिणीला न्हाऊ घालायला. आज त्यांनी दुकानासमोरच्या गल्लीतच गाडी वळवायला घेतली, तर दोन्ही हातांनी ओढूनही चाक हलेना.

"मंग काकूंना मागं बसवा की," टायरवाला हसला.

माझ्या आधी सुमनबाईच बोलल्या, "वरातीत मागं बसून झालं बाबा माझं. हे काढ अन् आमचे जुनेच बसव."

बसवले. पण त्या गुळगुळीत टायरवर त्यांना हायवेला पाठवायला माझा जीव होत न्हाई, आणि तिकडं बहीण वाट पाहून राह्यली. मूळ मापाचे अरुंद टायर कुणाकडं मिळतील? माहीत असेल त्यानं जल्दी लिहा.