आंघोळीआधीचा आवाज

"आसस मां?" काकी विचारायची, आणि मान कलती करून उत्तराची वाट बघत बसायची.

विचारायची कोणाला, तर स्वतःच्या पायाला. मोरीला आडवी जुनी साडी बांधलेली असायची. तिच्यामागे काकी पाटावर, कोरड्या अंगाने, हातात काथ्याचा ब्रश घेऊन. आंघोळीआधी अंगाला पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही. तेल तर नाहीच. पावलापासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून वर, मग बोटांपासून खांद्यापर्यंत. सगळं उराच्या दिशेने. खस्स, खस्स. मग थांबायची. "आसस मां?" म्हणजे, आहेस ना? थोडा वेळ काहीच नाही. मग हळूच "बरां" म्हणायची आणि ब्रश पुढे सरकायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोणी झाडांशी बोलतं, कोणी शिवणयंत्राशी. आपण हसतो आणि कामाला लागतो. मला मात्र पहिल्या दिवशी हसू आलं नाही.

मी कुडाळकडची. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. अंधेरीच्या एका कंपनीत औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावायचं काम मिळालं आणि गावच्या ओळखीने वाकोल्याला काकीच्या खोलीत राहायची सोय झाली. काकीचा नवरा गिरणीत होता. संपानंतर तो फार जगला नाही. हार घातलेला त्याचा फोटो बरोबर मोरीच्या समोर होता. पहिल्या सकाळी मी पोटमाळ्यावर जागी झाले तर खाली कोणीतरी काहीतरी खरवडत होतं आणि मधूनच विचारत होतं, "आसस मां?" मी फोटोकडे पाहिलं, हलत्या साडीकडे पाहिलं आणि तिथेच अंग चोरून पडून राहिले. कंपनीची वेळ झाली तरी खाली उतरायचा धीर होईना.

"गो, उतार आता. चाय निवली," काकीनेच हाक मारली. आंघोळ करून, कुंकवाविना, पण काय तुकतुकीत! साठीच्या बाईची कातडी अशी की नुकतंच घासून ठेवलेलं पितळेचं तांब्याभांडं.

शेजारच्या खोलीतली बाई मोठी बोलकी होती. भिंत एकच, त्यामुळे आवाज तिच्याकडेही जायचा. "काय गं, तुझी काकी रोज सकाळी बटाटे सोलते का काय? आमच्याकडे पण पाठव ना दोन किलो!" असं मला नळावर सगळ्यांसमोर विचारायची. चाळीतल्या मुलींना वाटायचं की हे सगळं गोरं होण्यासाठी. एकीने मागे लागून विचारलंच. काकी म्हणाली, "गोरा होवचा आसात तर पीठ लाव. ह्या त्याच्यासाठी नाय."

"मग कशासाठी?"

"कातडी झोपता गो. गाढ झोपली की मगे उठणा नाय."

मुलगी खिदळत गेली. मी नाही हसले. कारण काकी ते बोलताना माझ्याकडे बघत होती.

आणखी एक सांगते. आमच्या मोरीला वर जाळी होती. तिथून सकाळी उन्हाची तिरीप यायची आणि काकी घासायला लागली की त्या तिरीपेत बारीक पांढरा भुगा तरंगायचा. तो साडीवरून या बाजूला यायचा, सावकाश खाली बसायचा. मी दुधावर झाकण ठेवायची. रोज थोडी थोडी काकी त्या खोलीत पसरत होती, असं मनात यायचं आणि स्वतःचीच लाज वाटायची. ती मला गरम भाकरी वाढायची, आणि मी हे असलं काहीतरी मनात आणायची.

एकदा डाव्या पावलापाशी ती शांतता फार लांबली. काकी विचारून बसली आणि "बरां" येईचना. वर पोटमाळ्यावर मी श्वास धरून. माझाच पाय माझा नाही की काय असं वाटायला लागलं. शेवटी आला एकदाचा तो "बरां". मी पायाला चिमटा काढून पाहिला.

त्या थंडीत माझं अंग फार कोरडं पडलं. खाजवून खाजवून रेघा उठल्या. काकी म्हणाली, "बस हय. लाज कसली? माका काय नवीन आसा?" मी पाठ उघडी करून पाटावर बसले. ब्रश फिरायला लागला. आधी गुदगुल्या झाल्या, मग अंगातून गरम गरम काहीतरी वर चढलं. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाच्या पाठीला कोणी हात लावत नाही, हे मला तेव्हा कळलं. डोळे भरून आले.

"आसस मां?"

"आसंय, आसंय," मी हसत म्हणाले.

मग ती थांबली. निदान मला तसं वाटलं. पण आवाज येत होता. खस्स, खस्स. माझ्या मागे, अगदी जवळ. अंगाला काही कळत नव्हतं. जणू माझ्या पाठीमागे दुसरी कोणी मुलगी बसली होती आणि काकी तिला घासत होती.

"काकी, थांबलंस कित्याक?"

आवाज बंद झाला. काकीने केरसुणीची एक काडी मोडून घेतली. "डोळे मीट. लागता थय बोट दाखव." मी खांदा दाखवला, कंबर दाखवली. मग बराच वेळ मी वाट बघत बसले. तिने पुढे टोचलंच नाही असं समजून डोळे उघडले, तर ती काडी हातात धरून रडत होती. माझ्या डाव्या खांद्याच्या खाली फिकट चट्टा होता, वाटीएवढा, तिनेच सांगितलं. त्याच्यावर तिने किती वेळा टोचलं होतं, मला माहीत नाही.

तेव्हा तिने तिच्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगितली. बहीण चुलीवरचा टोप उतरवत होती, कोणाशी तरी बोलत, हसत. "ती हसत होती गो, आणि हात भाजत होतो. तिका कळलांच नाय. वास आमका इलो." त्यानंतर बहिणीला माडाच्या बागेत झोपडी बांधून दिली. जेवण लांबून ठेवायचे. काकी तेव्हा लहान होती. ती रात्री झोपडीच्या दिशेने हाक मारायची, "आसस मां?" आणि एक दिवस तिकडून उत्तर आलं नाही.

रोग कुठला ते मी विचारलं नाही. आमच्याकडे त्याला महारोग म्हणत आणि म्हणतानाही आवाज खाली करत. माझ्या डोळ्यांसमोर आधी आलं ते कंपनीचं गेट, तिथे आमचे हात तपासून आत सोडायचे. मग गावाकडच्या माझ्या दोघी धाकट्या बहिणी आल्या. त्यांना कोण करून घेणार? मी काकीचे पायच धरले. "कोणाक सांगा नको."

"सांगूचंय नाय. घाबरा नको. तेव्हा औषध नाय होता. आता आसा." आणि बाजूला राहिलेला माझा अर्धा प्यालेला चहाचा कप तिने उचलला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी ती मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, वेळेवर आलीस, सहा महिने गोळ्या घे, पूर्ण बरी होशील, कामावर जायला काही हरकत नाही. महिन्यातून एकदा एक गोळी त्यांच्यासमोर घ्यायची. त्या दिवशी लघवी लाल व्हायची आणि मी मेल्यासारखी घाबरायची. डॉक्टरीणबाईंनी घरच्या माणसांनाही तपासून घ्यायला सांगितलं. काकीने हात पुढे केले, पाय पुढे केले. "पाठ?" असं त्यांनी विचारल्यावर पदर घट्ट ओढून म्हणाली, "मी रोज बघतंय माजा माका."

दवाखान्याच्या फेऱ्यांचं कारण चाळीत काय सांगायचं? काकीने शेजारणीला ठोकून दिलं, "कावीळ झालीहा." झालं! त्या माउलीने रोज उसाचा रस आणायला सुरुवात केली. आमच्या डाळीत हळद दिसता कामा नये म्हणून दारात येऊन टोपात डोकवायची. तिच्या धाकाने आम्ही दोघींनी कितीतरी दिवस पांढरी डाळ खाल्ली. रात्री दार लावून काकी हळदीची आमटी करायची आणि आम्ही चोरासारख्या जेवायचो.

गोळ्या संपल्या. चट्ट्यावर रंग परत आला आणि एका सकाळी ब्रश तिथे टोचला. मी ओरडलेच. काकीने मला पोटाशी धरलं. माझं काम टिकलं, एका बहिणीचं लग्नही जमलं. मी एकदा म्हटलं, "काकी, आता तू पाठ दे, मी घासतंय." ती झटकन भिंतीला पाठ लावून बसली. "नको," म्हणाली. डोळ्यांत अशी भीती की मी परत कधी विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी, एका दुपारी, तांदूळ निवडता निवडता ती कलंडली. मी कंपनीतून आले तोवर सगळं संपलं होतं.

बायकांनी आंघोळ घालायची होती. शेजारीण आणि मी पुढे झालो, बाकीच्या दारात उभ्या. आम्ही काकीला कुशीवर वळवलं आणि मी तिची पाठ पहिल्यांदा पाहिली. मधोमध, जिथे कोणाचाच स्वतःचा हात पोचत नाही, तिथे पंजाएवढा फिकट चट्टा होता. जुना. तिला तो माहीत होता की नव्हता, मला आजही सांगता येत नाही. मी बोट लावलं. तिथलं अंग आणि बाकीचं अंग, आता काहीच फरक उरला नव्हता.

मी वर पाहिलं. शेजारणीनेही पाहिलं होतं. दारात बायकांची कुजबूज चालली होती. कोणीतरी विचारलं, "काय गं, काय झालं?" मला वाटलं, आता ही तांब्या टाकून मागे सरणार, ओरडणार, आणि मग काकीला चार खांदे मिळणार नाहीत.

"दार लावून घे गं," शेजारीण मला म्हणाली. "वारा येतोय."

मी दार लावलं. वळून बघते तर तिने बांगड्या वर सारल्या होत्या, पाणी ओतलं होतं, आणि त्या चट्ट्यावरून ती तळहात सावकाश फिरवत होती, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी.