सातारा जिल्ह्याएवढा देश

लेबनॉन हा देश आमच्या सातारा जिल्ह्याएवढा आहे. भूगोलाचा मास्तर म्हणून सांगतो, क्षेत्रफळातला फरक इतका किरकोळ आहे की आमच्याकडं बांधावरच्या भांडणात त्याहून जास्त जमीन इकडची तिकडं होते. त्यांना पश्चिमेला समुद्र आणि आपल्याला सह्याद्री, एवढंच. वर्गात हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं फेकत आलोय आणि मुलं माना डोलावत आली आहेत. मी स्वतः मात्र एका अंगाला गुहागर आणि दुसऱ्या अंगाला हंपी यांच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नाही.

लेबनॉन आमच्या घरात आणला तो दादानं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, फौजेत हवालदार होता. वीसेक वर्षांपूर्वी त्याची पलटण शांतिसेनेत तिकडं गेली. वर्षभर तो एका डोंगरावरच्या चौकीत राहिला. मधूनमधून जवानांना गाडीत घालून देश दाखवायला नेत. दादा परत आला तो ट्रंकेत साबणाच्या वड्या आणि तोंडात त्या जागा घेऊन. वहिनीला काही सांगायचं तर तिच्या ओळखीच्या गावांवरूनच सांगावं लागणार, म्हणून त्यानं तो सगळा देश सातारा जिल्ह्यावर अंथरला.

"जैताची गुहा म्हंजी कशी, बैरूतपास्नं आपलं साताऱ्यावरनं लिंब गावाला गेल्यागत. आत एवढाली दगडाची झुंबरं लटकत्यात आन् खाली नदी. होडीत बसून फिरायचं. बिब्लॉस म्हंजी आपली वाई, फकस्त कृष्णामाईच्या जागी समुद्र घाल आन् घाटाच्या जागी बंदर. हरिसा म्हंजी औंध. डोंगरावर आपली यमाई, तशी तिथं त्यांची मरियम उभी. वर जायला पाळणा हाय, तारेवर चालतोय. आन् बालबेक म्हंजी म्हसवड. डोंगर चढून पलीकडं उतरायचं, सगळा कोरडा मुलूख, आन् मधीच सहा खांब, पाण्याच्या टाकीपरीस उंच."

वहिनी हे ऐकून ऐकून त्या देशात तयार झाली. आम्ही सगळे म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेला गेलो की ती एसटीतून उतरता उतरता मला म्हणायची, "भावजी, आलं बगा बालबेक. तुमचं खांब कुठं गेलं?" औंधाच्या पायऱ्या चढताना दम लागला की म्हणायची, "तिकडं पाळणा हाय म्हणं. हितंच आमचं नशीब फुटकं."

मग दादानं तिला तिकडं नेलं का नाही? तर आमच्यासारख्या घरात सुट्टी म्हणजे फौजीनं गावी येणं. दोन महिन्यांची सुट्टी मिळाली तर एक उसाच्या लागणीत जाणार, बाकीची कुणाचं तरी लग्न, घरावरचा स्लॅब आणि यात्रा यांत. सुट्टी काढून कुठं फिरायला जायचं असतं, हे आमच्यात कुणी केलेलंच नव्हतं. दादा म्हणायचा, "पेन्शन बसली की जाऊ." पेन्शन बसली, मग लेकीचं लग्न, मग तिचं बाळंतपण. वहिनीनं कधी तोंड वाकडं केलं नाही. तांदूळ निवडत बसायची.

त्या तांदळात खडे राहायला लागले. आम्ही आधी तांदळाला दोष दिला, मग दुकानदाराला. वहिनीला साखरेचा आजार होता हे ठाऊक होतं, पण तो डोळ्यांत शिरलाय हे एकट्या तिलाच माहीत होतं आणि तिनं ते वर्षभर कुणाला कळू दिलं नाही.

दिवाळी झाल्यावर आम्ही तिघं सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी सरळ सांगितलं, "पडद्यावर रक्त उतरायला लागलंय. इंजेक्शनं देऊ, लेझर करू. पण पुढच्या दिवाळीला किती दिसत असेल, ते मी सांगू शकत नाही."

परतीच्या एसटीत इस्लामपूर मागं पडलं. मग वहिनी खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "आवं, मला आता त्यो देश दावा."

दादानं माझ्याकडं बघितलं. मला त्या क्षणी आपण घरातला शहाणा माणूस असल्याची केवढी खात्री वाटली म्हणून सांगू! मी म्हणालो, "वहिनी, सगळं माझ्यावर सोडा."

सोडलं त्यांनी. तिथंच चुकलं.

पासपोर्ट महिन्याभरात आले. चौकशीला आलेल्या पोलिसानं वहिनीला विचारलं, "आज्जी, कशापायी परदेशी निघालाय?" ती म्हणाली, "बगायला." साताऱ्यात पोवई नाक्याजवळ प्रवासाची तिकिटं काढून देणारा एक जण आहे. त्यानं आधी दुबईचा लकडा लावला, मग माझा चेहरा बघून हार मानली. म्हणाला, "सर, डिसेंबरात निघा. आठ दिवसांत सगळं जमवून देतो."

आणि मी म्हणालो, "डिसेंबरात? अहो, डिसेंबरात कोण जातं लेबनॉनला!"

मग मी त्याला त्याच्याच कचेरीत भूगोल शिकवला. भूमध्य सागरी हवामान, पाऊस हिवाळ्यात. गुहेतल्या नदीला त्या दिवसांत पाणी चढतं, खालची होडी बंद असते. दादा सांगायचा त्या डोंगरावरच्या देवदारांच्या रस्त्यावर बर्फ. एप्रिल-मे हाच योग्य काळ. घरी येऊन मी पुठ्ठ्यावर रंगीत खडूनं तक्ता केला. पहिला दिवस बंदर, दुसरा दिवस गुहा, तिसरा खांब. होडीला लाल चांदणी दिली. दादा तक्त्याकडं बघून म्हणाला, "लय भारी रं. पर तवर हिचं डोळं...?"

मी म्हणालो, "इंजेक्शनं चालू आहेत की. एवढं लांब जायचं आणि होडी बंद बघून यायचं? अर्धवट दाखवण्यात काय अर्थ आहे?"

आता सगळं सांगतोच आहे तर हेही सांगतो. शाळेला सुट्टी मे महिन्यात असते. त्या दोघांना सांभाळायला म्हणून मीही जाणार होतो. डिसेंबरात गेले असते तर माझ्याशिवाय गेले असते. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही, स्वतःला तर मुळीच नाही.

फाल्गुनात टीव्हीवर बैरूत दिसलं. लढाई पेटली होती, इमारतींतून धूर निघत होता. दादा खुर्चीच्या कडेला येऊन बसला, गावांची नावं कान देऊन ऐकत. "ह्या वाटंनं आमची गाडी जायाची," एवढंच म्हणाला. विमानं बंद झाली. तिकिटवाल्याचा फोन आला, "सर, सध्या विसरा." मी तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला आणि वहिनीला सांगितलं, "थांबेल हो. दोन महिन्यांत थांबेल." भूगोलातून मी थेट भविष्यावर आलो होतो.

चैत्रात तिच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. सांगलीला ऑपरेशन झालं, पण नजर आली नाही. वैशाखात डावा गेला. आता तिला खिडकी कुठं आहे ते कळतं, आणि माणूस समोर आला तर काळं काहीतरी हललेलं कळतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यापुढं एवढंच.

दादाला वाटलं, आता सांगणंच हाती उरलं. एका संध्याकाळी तो तिच्याजवळ बसून सुरू झाला, "तर त्या गुहंत शिरलं की गारवा असा..."

"ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाली.

"आगं, ऐक तरी."

"इतकी वर्सं ऐकत हुते, ते कवातरी बगायचं हाय म्हणून. आता नगा सांगू."

त्यानंतर आमच्या घरात लेबनॉनचं नाव कुणी काढलं नाही. दादा जेवताना गप्प असतो. वीस वर्षं बोललेला माणूस गप्प झाला की घास चावल्याचे आवाजसुद्धा मोठे वाटतात.

परवा रविवारी मी गेलो, तर ती सोप्यात घेवड्याच्या शेंगा सोलत होती, बोटांनी चाचपून. दादा शेजारी टरफलं गोळा करत होता. मी बसलो. तिनं आवाजावरून माझ्याकडं तोंड वळवलं, जरा चुकलंच, माझ्या खांद्याकडं बघत राहिली.

"भावजी, एक इचारू? खरं सांगायचं."

"विचारा की."

"तवा थंडीत गेलो असतो, तर मला काय काय दिसलं असतं?"

खोटं बोलणं मला जमतं. नापास पोराच्या आईबापाशी दर वर्षी बोलतो. त्या दिवशी जमलं नाही. म्हणालो, "खांब दिसले असते. बंदर दिसलं असतं. डोंगरावरची मरियम, पाळण्यातून खालचा समुद्र. गुहेतही वरच्या अंगानं चालत जाता येतं, ती बाजू उघडी असते."

"देवदार?"

"लांबून. बर्फातले."

"मग काय ऱ्हायलं असतं?"

"होडी," मी म्हणालो.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"होडीपायी थांबलो व्हय आपण?"

"होय," मी म्हणालो.

"आवं, मी कशाला होडीत बसतीय! मला पाण्याचं लय भ्या वाटतं. ल्हानपणी नदीत पाय घसरलेला, तवापास्नं हाय. कृष्णेच्या पुलावरनं यष्टी चालली तरी मी डोळं मिटून घेती."

दादा म्हणाला, "हे मला कवा सांगितलं न्हाईस."

"तुमी कवा इचारलंसा? तुमी सांगत हुतासा, मी ऐकत हुते."

माझ्या तोंडून निघालं, "मग वहिनी, तुम्हाला काय बघायचं होतं?"

"आता कशाला इचारता, भावजी," ती म्हणाली, आणि पुढची शेंग चाचपायला लागली.