पुढची जनावरं जाऊ द्यायची असतात

घरात तिघांची पोटं, मांस ठेवायचा माळा रिकामा, समोर वीस जनावरं आणि हातात भरलेली बंदूक. तुम्ही चाप ओढला नसता? ओढला असता. वर एट्टा कुनुयाकला अक्कलही शिकवली असती, की बाई, पोटापुढे कसले नियम?

एट्टाने बंदूक खाली ठेवली.

अलास्काच्या उत्तरेला, गावापासून नदीने साठ मैल वर तिचं ओंडक्यांचं घर. बाई साठीची. जन्म त्याच काठावर, तंबूत. नवरा एनॉक, दोन वर्षांपासून खुब्याने अधू, आणि धाकटी लेक रोडा. दुकान नाही, शेजार नाही. वर्षभराचं मांस मिळतं ते कॅरिबूंचं, म्हणजे रानटी रेनडिअरचं. त्यांचा मोठा कळप डोंगरातून उतरतो आणि नेमका या वळणावर नदी पोहून दक्षिणेला जातो. तेवढ्या चार-पाच दिवसांत तीस जनावरं पाडली, की वसंतापर्यंत घोर नाही.

पण पुढची वीस-पंचवीस सोडायची. बहुतेक म्हाताऱ्या माद्या असतात त्या. त्यांनी वाट पाडली, की त्यांच्या खुरांच्या वासावर मागचे हजारो येतात. तोवर गोळी नाही, बोटीचं इंजिन नाही, चुलीचा धूरसुद्धा नाही. हे एट्टाला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. तिच्या आईने कानफटात मारून शिकवलं होतं.

त्या साली ऑक्टोबर लागला तरी कळपाचा पत्ता नव्हता. मग एक दिवस पलीकडच्या उत्तर काठाच्या टेकडीवर ठिपके हलले आणि एट्टाने चूल विझवली. तीन दिवस तिघं सुकवलेला मासा सीलच्या तेलात बुडवून खात होती. एनॉक दोन गोधड्यांत गुंडाळून बसलेला.

"रोडा, तुझ्या आईचा बेत कळला का? मला गोठवून ठेवतेय. कळप नाही आला तर मी आहेच."

"तुझं मांस कोण खाणार, म्हाताऱ्या? हाडंच नुसती," एट्टा म्हणाली. "आणि हळू बोल."

चौथ्या दिवशी दुपारी ती वीस जनावरं पाण्यात उतरली. सगळ्यांत पुढे एक पांढुरक्या मानेची मादी. पोहत ती एट्टा-रोडा लपल्या होत्या त्या झुडपांपासून चाळीस पावलांवर काठाला लागली.

"आका, मार." इकडे आईला आका म्हणतात, बापाला आपा. रोडा कुजबुजली. "दोन. फक्त दोन."

"गप."

"नदीत बर्फ वाहायला लागलंय. मागची आलीच नाहीत तर?"

"पुढची गेली की मागची येतात. तू जन्मायच्या आधीपासून येतात."

"मी जन्मायच्या आधी ती ऑगस्टात यायची, आका!"

मादीने अंग झाडलं, मान वळवून एकदा झुडपांकडे बघितलं आणि चढ चढून निघून गेली. मागोमाग बाकीची.

दुसऱ्या सकाळी घरामागच्या पठारावर विमान उतरलं. छोटं, जाड चाकांचं. थोड्या वेळाने कुणाला तरी उतरवून ते परत उडालं आणि मग गोळ्या वाजल्या. एट्टाने मोजल्या नाहीत. ती नदीपलीकडे बघत होती. तिथे टेकडीवर आता ठिपके नव्हते, अख्खी टेकडीच हलत होती. कळप पाण्यापर्यंत आला. वारा पठारावरून वाहत होता, धूर आणि रक्त घेऊन. आघाडीची जनावरं थबकली, नाकं वर केली. मग सगळा कळप वळला आणि पूर्वेकडे चालू लागला. संध्याकाळपर्यंत चालत होता. शेवटचं शेपूट दिसेनासं होईतो बाई जागची हलली नाही.

मग ती पठारावर गेली. दोन लाल तंबू, दोन माणसं, शहरातली. शेकोटी पेटलेली. त्यातला एक चटकन उठला, बसायला पेटी दिली, कॉफी ओतली. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

"इथे कुणी राहतं?" तो खरंच चकित झाला होता. "आम्हाला कल्पनाच नव्हती. परवाना आहे हं आमच्याकडे."

"तुमच्या परवान्यावर वाऱ्याची दिशा लिहिलीय?" एट्टाने विचारलं.

त्याला कळलं नाही. तो ओशाळं हसला आणि एक मागची तंगडी उचलून आणली. "घेऊन जा, आजी. आम्हाला दोघांना जास्तच आहे."

बाजूला मुंडकं पडलं होतं. मान पांढुरकी.

एट्टा म्हणजे ताठ बाई. सरकारी खाण्याची खोकी तिने एकदा नदीकाठावरूनच परत पाठवली होती. ही तंगडी मात्र तिने खांद्यावर घेतली आणि चालू लागली.

रोडाने चूल पेटवली. एनॉकने खाल्लं, रोडाने खाल्लं. एट्टाने ताटलीला हात लावला नाही. 'मी म्हटलं होतं' एवढं जरी रोडा म्हणाली असती, तरी एट्टाला भांडता आलं असतं.

"आका, नदी गोठली की बोट निघणार नाही," शेवटी रोडा हळूच म्हणाली. "आपांना इथे उपाशी ठेवायचं का?"

तिसऱ्या दिवशी बर्फाचे तुकडे बाजूला सारत ती तिघं गावाला निघाली. त्या घरात माणूस नाही असा तो पहिला हिवाळा.

गावात बहिणीच्या मुलाच्या घरी एक खोली मिळाली. जानेवारीत एट्टा शिकारीचे परवाने देणाऱ्या सरकारी कचेरीत गेली. तिचं मागणं एवढंच होतं, की पुढची जनावरं पार होईपर्यंत विमानं उतरू देऊ नका. तिथल्या बाबूने नकाशा पसरला. वरची अख्खी नदी हिरवी, आणि त्यावर एकच शब्द: निर्जन.

एट्टाने वळणावर बोट ठेवलं. "हे माझं घर."

"पण आजी, सध्या तर तुम्ही गावातच राहता ना?" बाबू म्हणाला.

एट्टा बाहेर आली.

तर एवढं करा. असा हिरवागार नकाशा तुमच्यासमोर कुणी पसरलाच, तर 'वा, किती निर्मळ, माणसाचा वाससुद्धा नाही' असं म्हणू नका. इथून कुणाला हुसकावलं, ते आधी विचारा.