मासे सोडले, सिगारेट राहिली

माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा तो आचऱ्याच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागला होता. घरच्या कुणाची तरी एक किडनी मिळाली तरच तो वाचेल, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. आईला मधुमेह होता, माझा रक्तगट वेगळा. उरले बाबा.

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं बोटीवर काढलेली. साठीला टेकले तरी झावळांचा भारा एकटे उचलून आणत. झिलाला, माझ्या लेकाला, मी माझी किडनी देणार, हे त्यांनी मुंबईला निघण्याआधी अख्ख्या वाडीला सांगितलं. आम्ही निर्धास्त होतो.

तयारी म्हणून त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं आणि मासे सोडले. मालवणच्या माणसाने मासे सोडणं म्हणजे काय, ते घाटावरच्या लोकांना नाही कळायचं. शेजारी बांगडे भाजायला लागले की बाबा जेवणावरून उठून मागच्या पडवीत जात आणि सिगारेट पेटवत. तोंडाला चव नाही म्हणून मग आणखी एक. दिवसाच्या एका पाकिटाची दोन झाली. आम्ही त्यांच्या पानातल्या मिठावर डोळा ठेवून होतो, आईने लोणच्याची बरणीसुद्धा फळीवर चढवली. सिगारेटबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. सिगारेटने खोकला होतो एवढंच आम्हांला ठाऊक, आणि बाबा कधी खोकत नसत.

मुंबईत तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी बाबांना आणि मला आत बोलावलं. बाबांच्या किडन्यांना रक्त पुरवणाऱ्या दोन्ही वाहिन्या आतून अरुंद झाल्या होत्या, लघवीतूनही नको ते जात होतं. सिगारेट किती वर्षं ओढता, असं त्यांनी विचारलं. बोटीवर चढल्यापासून, बाबा ऐटीत म्हणाले. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की धूर छातीत थांबत नाही, त्यातलं विष रक्तात उतरतं आणि रक्त जिथे जिथे जातं तिथे पोचतं. किडनीच्या वाहिन्या त्यानेही खराब होतात.

मी हबकले. क्षणभर डॉक्टर दुसऱ्याच कुणाचे फोटो बघून बोलताहेत असं वाटलं. एवढा धडधाकट माणूस, ना खोकला, ना ताप! मग इतका संताप आला की बाबांकडे बघवेना.

तोवर छापील मराठीत बोलणारे बाबा एकदम मालवणीवर आले.

"माझा काय व्हायचा ता होवंदे. त्यातली जी बरी आसा ती काढा, पण झिलाक वाचवा."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "काका, काढली तर तुमच्या जिवाला धोका आहे. आणि लावली तरी त्याला तिचा उपयोग नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी वेगळं सांगेन. बाहेर बाकावर भाऊ वाट बघत बसला होता. त्याला ते मलाच सांगावं लागलं.

पावसाळा संपायच्या आत भाऊ गेला. त्याला द्यायच्या लायकीच्या नसलेल्या त्या दोन किडन्यांवर बाबा पुढे कितीतरी वर्षं जगले, आणि त्यातला एकही दिवस त्यांना नको होता.