चांगल्या पायाची उडी

माझे कॉलेजचे सर मुंबईत खेळाडूंच्या गुडघ्यांवर संशोधन करतात. एक दिवस त्यांचा फोन आला. "जिममध्ये जाणारे खेळाडू माझ्याकडे भरपूर आहेत. तुझ्याकडे शेतात राबून कबड्डी खेळणाऱ्या मुली येतात. ऑपरेशननंतर त्यांचे पाय कसे भरून येतात ते मला बघायचंय. दर महिन्याला मोजून पाठवशील?"

मी लगेच हो म्हटलं. मोजायची खोड मला लहानपणापासूनच. चिंचणीला आमच्या वाडीत केळफूल रोज किती खाली उतरतं ते मी सुतळीने मोजायची आणि घरचे हसायचे. आता बोईसरला माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे आणि सुतळीच्या जागी टेप आली, एवढंच.

दवाखान्याच्या फरशीवर मी एक पांढरी पट्टी चिकटवली. खेळाडूने पट्टीवर एका पायावर उभं राहायचं, पुढे उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं आणि न डगमगता तसंच थांबायचं. आधी चांगल्या पायाने, मग ऑपरेशनच्या. दोन्ही उड्या जवळजवळ सारख्या पडायला लागल्या की पाय मैदानाच्या जवळ आला असं समजायचं. चाचण्या आणखीही होत्या, पण मुलींना ही आवडायची, कारण हिच्यात हार-जीत दिसायची.

त्यांच्यातली एक मासवणच्या पुढच्या एका पाड्यावरून यायची. बावीस वर्षांची, अंगाने बारीक, चढाईला गेली की हाताला न लागणारी. एका सामन्यात तिला कोणी धरलंही नव्हतं. ती परत फिरायला वळली, गुडघ्यात कट्ट आवाज झाला आणि ती खाली बसली. आतलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन होऊन टाके निघाल्यावर तिचे सर तिला माझ्याकडे घेऊन आले. ते तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर काम करायचे आणि संध्याकाळी बेटेगावच्या मैदानावर मुलींना शिकवायचे.

आठवड्यातून दोनदा ती एसटीने पालघरला आणि तिथून बोईसरला यायची. व्यायामाची वही ती एकदाही विसरली नाही. वाकडं अक्षर, पण रोजची नोंद. प्रश्नही खूप विचारायची. "मॅडम, मांडीतली शीर काढून गुडघ्यात लावली, मग मांडीला कळत नाय का?" शीर नाही, स्नायूची दोरी, असं मी सांगायची आणि हाडांच्या सांगाड्यावर दाखवायची. उड्यांचं गणितही मीच तिला समजावलं. या पायाची उडी त्या पायाच्या उडीच्या किती जवळ आली, ते बघायचं.

सहाव्या महिन्यानंतर तिच्या आकड्यांत काहीतरी विचित्र दिसायला लागलं. ऑपरेशनचा उजवा पाय हळूहळू सुधारत होता आणि चांगला, डावा पाय मागे चालला होता. दर वेळी उडी थोडी आखूड. मी मुंबईच्या सरांना फोन केला तर तेही खूश झाले. "असं होतं. खेळ बंद पडला की चांगला पायही ढिला पडतो आणि मग तुलना फसवी ठरते. नीट लिहून ठेव." मी आलेख काढून भिंतीला लावला. एक रेघ वर जाणारी, एक खाली येणारी, दोघी भेटायला आलेल्या. खोटं कशाला सांगू, तो आलेख मी येता-जाता बघायची.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. पाय ढिला पडला तर मांडी बारीक व्हायला हवी. तिच्या डाव्या मांडीचा घेर टेपवर तसूभरही कमी झाला नव्हता. असं कसं?

जिल्ह्याच्या संघाची निवड महिन्यावर आली होती आणि तिच्या सरांना ती खेळायला तयार आहे असं माझं पत्र हवं होतं. पत्र देण्याआधी ही मुलगी घरी नेमकं काय करते ते बघून यावं, म्हणून एका रविवारी मी न कळवता तिच्या पाड्यावर गेले.

भातकापणीचे दिवस होते. तिची आई दारात सूप घेऊन बसली होती. "ये ना ताई, बस. ती शेतावर हाय, येलच आता." मला कुठला धीर! मीच बांधाबांधाने निघाले.

ती समोरून येत होती, डोक्यावर भाताचा भारा. मधे पाण्याचा चर होता. चराशी ती क्षणभरही थांबली नाही. डाव्या पायावर उडाली आणि पलीकडे डाव्याच पायावर उतरली. उजवा पाय तिने मांजरासारखा वर उचलून धरला होता. भारा हललासुद्धा नाही. दवाखान्यात मी जी उडी मारायला लावायची, ती हीच होती. फक्त कितीतरी लांब.

मी पर्समधून टेप काढली. तेवढ्यात तिने मला पाहिलं.

"मॅडम, नका ना मोजू."

"दवाखान्यात एवढी का नाही मारत?"

तिने भारा खाली ठेवला आणि पदराने घाम पुसावा तशी ओढणी तोंडावरून फिरवली. "तुमीच बोललात ना, दोन्ही सारखे झाले पायजेत. हा वर येत नव्हता. मग मी तो खाली आणला."

मला हसूच आलं. तीही हसली, पण मी पत्र देणार नाही हे लक्षात आल्यावर तिचा चेहरा उतरला. "ह्या वर्षी नाय गेली तर मला कोण इचारणार हाय?" गुडघा पुन्हा तुटला तर, एवढंच मी म्हणाले. ती भारा उचलून चालू लागली.

तिचे सर दवाखान्यात येऊन भांडले. "एवढी मेहनत केलीय पोरीने. दोन-चार इंचांसाठी अडवता?" मी हटले नाही. पण घरी गेल्यावर आलेख आठवून मला माझीच लाज वाटली. मला हवं होतं ते दिसलं, म्हणून मी ते तपासलंच नव्हतं. मुंबईच्या सरांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दोन महिन्यांचे आकडे बाद कर. पण का बाद केले, ते सविस्तर लिही."

निवड झाली, संघ गेला. तीन आठवडे ती फिरकली नाही. मग एका सकाळी आईच तिला घेऊन आली. आईने पट्टी, टेप, आलेख उतरवल्यावर राहिलेली भिंतीवरची कोरी जागा, सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "ताई, पाय किती उडतो ते तुमी मोजता. भ्या किती वाटतं, ते कशात मोजता?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. भीतीसाठीही एक प्रश्नावली असते. माझ्याकडे ती इंग्रजीत होती आणि घाईघाईने मी तिच्यावर खुणा करून घ्यायची. त्या दिवशी मी आणि तिची लेक ती प्रश्नावली घेऊन बसलो. मी अर्थ सांगायची, ती तिच्या बोलीत वाक्य करायची. "गुडघा दगा देल असं वाटतं का?" हे वाक्य तिचं. मग तिनेच त्याचं उत्तर दिलं. "रोज वाटतं. म्हणून तर चरात तो पाय टाकत नाय."

तिथून कामाची दिशा बदलली. आधी विटेएवढ्या उंचीवरून उजव्या पायावर उतरायचं. मग पाटावरून, मग पायरीवरून. चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी घट्ट ओल्या वाळूत मी तिला वळायला लावायची आणि दोघी वाकून तिची पावलं बघायचो. सुरुवातीला उजव्या पावलाची टाच वाळूत उमटायचीच नाही. ती चवड्यावरच तोलायची. दीड-दोन महिन्यांनी दोन्ही टाचा सारख्या खोल दिसायला लागल्या. त्या दिवशी तिने स्वतः टेप मागून डाव्या पायाने खरी उडी मारली, मग उजव्याने. फरक थोडा होता. तिने तो वहीत जसाच्या तसा लिहिला.

ऑपरेशननंतर बाराव्या महिन्यात बेटेगावला एक साधा सामना होता. पहिल्या दोन चढायांत ती रेषेजवळून परत आली. तिसऱ्या वेळी आत घुसली, एकीला हात लावला आणि उजव्या पायावर गर्रकन वळली. ती परत आपल्या अंगणात पोचली होती. पुढच्याच चढाईत चौघींनी तिला दाबून धरली आणि ती बाद होऊन कडेला आली, तेव्हा तिचे सर तिच्या गुडघ्याकडे धावले. "बघू, बघू."

"गुडघ्याचं काय नाय, सर," ती चिडून म्हणाली. "ती कोपऱ्यातली डावीकडून येते हे मला कोणीच कसं नाय सांगितलं?"

पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या संघात तिची राखीव म्हणून निवड झाली. दोन सामने ती बाकावर बसून होती. तिसऱ्यात सात मिनिटं खेळली. परतताना वाटेत बोईसरला उतरून तिने मला त्या सात मिनिटांतली प्रत्येक चढाई फरशीवर चालून दाखवली, आणि मी दारात खोळंबलेल्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं.