कोल्हापूरला विमानानं निघालो आणि एसटीनं पोचलो

गेल्या आठवड्यात एका वाचकानं विचारलं, "आजी, स्वतःचं विमान घेतलं तर एसटीपेक्षा परवडेल का हो?" त्यानं थट्टाच केली असणार. पण सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी खरोखर विमान घ्यायला गेले होते. म्हणजे घेणार होते आमचे मालक, मी टायपिस्ट म्हणून सोबत.

मालक म्हणजे भाऊसाहेब. चाकणजवळच्या गावचे शेतकरी. पिंपरीत त्यांनी पंपाचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना काढला होता. कोल्हापूरच्या एका पंपवाल्याची मोठी ऑर्डर येऊ घातली होती आणि तिच्यासाठी पत्रा दाबून भाग काढायचा नवा प्रेस घ्यायचे पैसेही बाजूला काढले होते. तेवढ्यात त्यांना कुणीतरी जुनं, चार जणांचं विमान विकायला असल्याचं सांगितलं. झालं! प्रेसचे पैसे विमानाला द्यायचे ठरले.

"कोल्हापूर तासा-सव्वातासात! सकाळी जायचं, दुपारी जेवायला घरी," ते म्हणाले.

मी कारखान्यात सगळ्यात नवी. प्रेस नाही तर ऑर्डर नाही, आणि ऑर्डर नाही तर पहिली घरी कोण जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी विमानात बसायला मिळणार म्हणून आदल्या दिवशी मी साडीला इस्त्री केली, हेही खरं.

भल्या सकाळी ड्रायव्हरसह जीपनं पिंपरी सोडली. भाऊसाहेब, त्यांच्या पत्नी काकू, मी आणि काळेवाडीचे रहीमचाचा. चाचांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. इंजिन त्यांनी पसंत केलं तरच व्यवहार, असं ठरलेलं. मागे कांद्याची एक गोणी, गिऱ्हाइकाला भेट. काकूंना अंबाबाईला जायचं होतं, पण त्यांनी विमानाला साफ नकार दिला होता. "मला मधेच उतरावंसं वाटलं तर?" असं त्यांनी भाऊसाहेबांना विचारलं होतं. त्यांना डब्यासकट स्वारगेटला एसटीसाठी सोडलं आणि आम्ही हडपसरच्या पलीकडे धावपट्टीवर गेलो. विमान घेणाऱ्यांसाठी पहिली सूचना: विमान तुमच्या दारात येत नाही. पिंपरीहून तिथं पोचेपर्यंत माझी इस्त्री गेली होती.

विमान विकणारा कप्तान स्वतःच ते चालवणार होता. त्यानं आधी वजनकाटा बाहेर आणला. चाचा चढले, मी चढले, भाऊसाहेब चढले. काट्याकडे बघून कप्तानानं नकारार्थी मान हलवली.

"जागा चार आहेत," तो म्हणाला, "पण पेट्रोल भरल्यावर एवढं वजन उचलणार नाही."

"मग कांदं काढा."

कांदे काढले. तरी जास्त. भाऊसाहेबांनी कोट काढला, बूट काढले, खिशातले शेंगदाणेसुद्धा काढून मला दिले. मीही विमानातच बसणार होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"मी उतरते," मी म्हणाले.

"बाई, तुमच्या एकटीच्या उतरण्यानं भागणार नाही," कप्तान म्हणाला. "चाचा आणि तुम्ही दोघं थांबा. भाऊसाहेबांना एकट्यांना नेतो."

भाऊसाहेबांनी एकदा विमानाकडे पाहिलं, एकदा वर आभाळाकडे.

"एकट्यानं?" ते म्हणाले. "न्हाई न्हाई. इंजिन रहीमभाईंनीच बघाया पायजे. कुसुमबाई, तुमी समदं लिहून घ्या." घाईघाईनं बूट घालून, कांद्याची गोणी उचलून ते जीपमध्ये बसले आणि स्वारगेटकडे निघूनसुद्धा गेले.

भाऊसाहेब एकटेच आम्हा दोघांएवढे भरत होते, त्यामुळे वजन जमलं. मग उड्डाणाच्या परवानगीची वाट बघत आम्ही बसून राहिलो. दुसरी सूचना: सोबत खायला न्या. आम्ही शेंगदाण्यांवर निभावलं.

अखेर उडालो. आवाज असा की माझी किंकाळी मलाच ऐकू आली नाही. शेतं चादरीच्या ठिगळांसारखी दिसत होती. घाटातले ट्रक मुंग्यांएवढे. चाचा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं दुवा मागताहेत. नंतर कळलं, ते इंजिनाचे ठोके मोजत होते. पुढे कृष्णा दिसली आणि मी प्रेस, ऑर्डर, नोकरी सगळं विसरले.

कराडच्या अलीकडेच समोर ढगांची भिंत आली. कप्तानानं विमान कराडच्या धावपट्टीवर उतरवलं, तेही आधी दोन घिरट्या मारून, कारण खाली म्हशी बसल्या होत्या. ढग हटेनात. परतायला पुरेसं पेट्रोलही नव्हतं, आणि विमानाचं पेट्रोल कराडात मिळत नव्हतं. ते पुण्याहून ट्रकनं आणावं लागणार होतं! विमानाला एकटं सोडता येत नाही म्हणून कप्तान म्हशी हाकत तिथंच थांबला. आम्ही उसाच्या बैलगाडीतून स्टँड गाठला.

कोल्हापूरची एसटी नुकतीच लागली होती. आम्ही खाली उभे राहून जागा शोधत होतो, तोच खिडकीतून काकूंचा आवाज आला.

"अगं बया! पोरी, तू पडलीस का काय इमानातनं?"

त्यांची गाडी कात्रजच्या अलीकडेच पंक्चर झाली होती. भाऊसाहेबांनी जीपनं तिला गाठलं होतं, जीप ड्रायव्हरबरोबर परत धाडली होती आणि आता दोघं मांडीवर डबा ठेवून भाकरी खात होते. काकूंनी सरकून मला जागा दिली.

"लग्नापास्नं पयल्यांदा हे माझ्या शेजारी बसल्यात," त्या कानात म्हणाल्या. "नायतर सदा फुडं डायव्हरपाशी."

चाचा दांडीला धरून उभे होते, पण मनानं अजून वरच होते. "साहेब, काय इंजिन हाय! घेऊनच टाका. मी गॅरेज बंद करतो, तुमच्याकडंच येतो."

म्हणजे आता चाचांचा पगार, कप्तानाचा पगार, विमानाला छप्पर, पुण्याहून पेट्रोल आणि म्हशी हाकायला एक माणूस. एसटीचं तिकीट तेव्हा पंधरा-वीस रुपयांच्या घरात होतं. भाऊसाहेबांनी हातातली भाकरी संपवली. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "कसं हाय वो वर?"

मी शेतं सांगितली, ट्रक सांगितले, कृष्णेचं वळण सांगितलं. ते लहान मुलासारखे ऐकत राहिले. काकूंनीही घास हातात तसाच धरला होता.

कोल्हापुरात गिऱ्हाइकानं कांदे ठेवून घेतले, चहा मागवला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "प्रेस कधी येतोय?"

मी कपबशी खाली ठेवली. भाऊसाहेबांनी चाचांकडे पाहिलं नाही, काकूंकडे पाहिलं.

"फुडल्या म्हयन्यात," ते म्हणाले.

चाचांचा चेहरा पडला. काकूंनी रात्री त्यांच्या पानात तांबड्या रश्श्याची एक वाटी जास्त वाढायला लावली.

दुसऱ्या दिवशी चौघंही एसटीनं परतलो. एसटीचा हिशेब चोख: स्वस्त, पंक्चर धरूनही पोचवते, आणि मधेच उतरावंसं वाटलं तर उतरता येतं. तेव्हा वाचकहो, विमान घेऊ नका. पण एकदा कुणाच्या तरी विमानात बसा.

कारखान्याच्या फाटकात पहिल्या शिफ्टची सुटलेली माणसं जमली होती. "राव, कसं व्हतं इमान?" कुणीतरी विचारलं.

भाऊसाहेबांनी दोन्ही हात पसरले. शेतं, घाटातले ट्रक, कृष्णेचं वळण, ढगांची भिंत, सगळं सांगितलं. म्हशींवरून घिरट्या मारताना तर ते स्वतःच कंबरेत वाकले. माणसं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मग त्यांच्यातल्या एकानं चाचांना विचारलं, "खरं काय चाचा?"

चाचांनी क्षणभर भाऊसाहेबांकडे पाहिलं.

"साहेब म्हणतात तसंच," ते म्हणाले. "ढग आले तवा मीच डोळे मिटले. साहेबांनी न्हाई."

मीही मान डोलावली. पुढं भाऊसाहेबांनी ही गोष्ट इतक्या वेळा आणि इतकी छान सांगितली की आता ते उड्डाण आठवलं, की कप्तानाशेजारच्या जागेवर मला तेच बसलेले दिसतात, कोट घालून, खाली बोट दाखवत.