कुरडयांवर टांगलेल्या सीड्या

गेल्या उन्हाळ्यात सिंधुअक्कांनी गच्चीवर कुरडया घातल्या, तेव्हा वर दोऱ्या बांधून वीसेक सीड्या टांगल्या. वाऱ्यानं त्या गरगर फिरायच्या, उन्हाची तिरीप चमकायची आणि चिमण्या-कावळे कुरडयांजवळ यायचे नाहीत. आमच्या गल्लीला ही युक्ती भारी आवडली. मीही पापडांसाठी दोन मागून आणल्या. सीड्या वैजनाथभाऊंच्या, म्हणजे अक्कांच्या यजमानांच्या होत्या. टीव्हीखालच्या कपाटात एका बिस्किटाच्या डब्यात पडून होत्या, वर काळ्या शाईनं नुसते आकडे घातलेले. भाऊ संध्याकाळी गच्चीवर आले, मान वर करून त्यांनी एकवार बघितलं आणि खाली गेले. काही म्हणाले नाहीत.

घरात ते तसेही फारसे बोलत नसत. सगळा आवाज लातूरच्या मार्केट यार्डात. तीस वर्षं तिथं मापाडी होते. पोती मोजायला लागले की तीन आडतींपलीकडं ऐकू जायचं. दुपारी दोनला घरी आले की मात्र गप्प. अक्का अंगणवाडीत मदतनीस, त्या चारला यायच्या. मधले दोन तास भाऊ, त्यांची खुर्ची आणि लेकीच्या, शिल्पाच्या बारशाच्या वर्षी घेतलेला मोठा स्टिरिओ. अक्कांची चप्पल दारात वाजली की तो बंद झालेला असायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊंना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. पाय महिन्याभरात काठीवर आला. हात थोडा हलायला लागला. शब्द काही येईना. समोरच्याचं सगळं कळायचं. पाणी हवं असलं की तोंड उघडायचं, ओठ थरथरायचे, मग डोळ्यांत पाणी यायचं आणि मान दुसरीकडं वळायची. अक्का घागरीपासून गोळ्यांपर्यंत एकेक वस्तू उचलून "हे का? हे का?" असं विचारत घरभर फिरायच्या.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला ऋतुजा मॅडम दर बुधवारी यायच्या. वयानं शिल्पाएवढीच मुलगी, पण गोलगोल बोलायची नाही. "काकू, पहिले सहा महिने फार महत्त्वाचे. पुढंही फरक पडतो, पण हळू. चार महिने तर झालेच. आता एक करा. ज्यांना बोलता येत नाही त्यांना कधीकधी गाता येतं. मेंदूत त्याची वाट वेगळी असते. काकांना तोंडपाठ असलेली गाणी लावा. नुसती आवडती नकोत, तोंडपाठ पाहिजेत. आणि ती त्यांची त्यांना लावता आली पाहिजेत."

मग वही उघडून विचारलं, "काका कोणती गाणी ऐकायचे?"

अक्का त्या संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसल्या. "बत्तीस वर्षं झाली लग्नाला. भाजीत मीठ किती लागतं ते सांगीन, रात्री कितीदा उठतेत ते सांगीन. गाणं म्हणल्यावर मला एकबी सांगता आलं न्हाई, बगा."

शिल्पानं नांदेडहून छोटा स्पीकर पाठवला होता, फोनवर चालणारा. पण गाण्यात मधेच जाहिराती यायच्या, भाऊंच्या डाव्या अंगठ्यानं भलतंच काही दाबलं जायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो खाटेखाली ढकलून दिला. स्टिरिओचं मात्र त्यांना सगळं येत होतं. काठी टेकत जायचे आणि डाव्या हातानं ते मोठं बटण दाबायचे. मशीन उजळायचं. आत सीडीच नसायची.

अक्का धावत गच्चीवर गेल्या. दोऱ्यांवर आठ सीड्या उरल्या होत्या. उन्हानं वरचा मुलामा पोपडे धरून सुटलेला, आरपार आभाळ दिसत होतं. एकेक घालून बघितली. मशीन आत घर्रघर्र करायचं आणि सीडी बाहेर ढकलायचं. मीही माझ्याकडच्या दोन मुकाट्यानं आणून दिल्या. त्यांचीही तीच गत.

"माझ्या हातानं टांगल्या की हो," अक्का म्हणाल्या. "हे वर येऊन बगून गेले, तवा तरी एक शब्द बोलायचा!"

मग अक्कांनी जे केलं, ते आपल्यापैकी कुणीही केलं असतं. आजारी माणसाच्या खोलीत शोभेल ते निवडलं. अभंग, आरत्या, हरिपाठ. एका फोटो स्टुडिओवाल्यानं त्याच्याकडं उरलेली शेवटची कोरी सीडी भरून दिली. ती वाजलीही छान. बघायला येणारे पाहुणे हात जोडून बसायचे. भाऊ दुसऱ्या ओळीला उठायचे आणि बटण दाबून बंद करायचे. अक्का पुन्हा लावायच्या. ते पुन्हा बंद. संक्रांतीच्या सुमाराला भाऊंनी बटणाकडं जाणंच सोडलं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागले. शिवरात्रीला सहा महिने भरणार होते. अक्का कॅलेंडरकडं बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या.

यार्डातले हमाल संगप्पा, भाऊंचे जुने जोडीदार, भेटायला आले आणि अभंग ऐकून मोठ्यांदा हसले. "अक्का, हे काय लावलाव? ह्यो माणूस कवा भजनात बसलाय? हातात टाळ दिले तर तराजूत टाकून वजन करंल!"

खाटेवर भाऊंचा डावा खांदा हलला. हसले असावेत.

"मग काय ऐकायचे, ते तुमीच सांगा," अक्का जवळजवळ ओरडल्याच.

"ते मकसूदला इचारा. गोलाईच्या चौकामागं दुकान हाय त्याचं. वैजू त्याच्याकडूनच सीड्या करून आणायचा."

दुसऱ्या दिवशी मी अक्कांसोबत गेले. मकसूदभाईंच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. दाढी पिकलेला, चष्म्यावरून बघणारा माणूस. भाऊंचं कळल्यावर त्यांनी हातातलं कव्हर खाली ठेवलं.

"या अल्ला. वैजूभाईंचा आवाज गेला? मी म्हणायलो, दिसत कसे न्हाईत. बसा भाभी, बसा."

मागच्या फळीवर चादरीखाली कॉम्प्युटर होता. दोन वर्षं लावला नव्हता. पहिल्यांदा सुरूच झाला नाही. मकसूदभाईंनी डबा उघडून आत फुंकर मारली, एक वायर दाबून बसवली. दुसऱ्या खेपेला पंखा घरघरला. अक्कांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

पडद्यावर गिऱ्हाइकांच्या नावांची रांग लागली. त्यात 'वैजू मापाडी'. मकसूदभाईंनी त्यातलं एक गाणं लावलं. ढोलकासारखं काहीतरी, मग एका बाईचा खणखणीत आवाज. शब्द एकही कळेना.

"हे कुठलं?"

"तेलुगू, भाभी. सगळे तेलुगूच हायेत. धर्माबादला, तेलंगणाच्या शिवेवर, मिरचीच्या आडतीवर होते ना ते, लगीन व्हायच्या अगोदर? सहा साल. तिथलेच गाणे. माझ्याकडं बसून एकेक शोधून घ्यायचे."

अक्का हळूच म्हणाल्या, "एकदा मी लवकर आले होते अंगणवाडीतून. हेच लागलं होतं. मी म्हणलं, हे काय तेलंगी लावून बसलाव, लोक काय म्हणतील. हसले मी. तवापासून मी आले की बंद."

मकसूदभाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि गल्ल्याखालचा खण उघडला. "कोऱ्या सीड्या तीनच हायेत. नव्या आता कुठं मिळणार? आणि एकीत ऐंशी मिनिटं, बस."

"फोटोवाला तर म्हणला, दोनशे गाणे बसतेत."

"नुसत्या फायली टाकल्या तर बसतेत. पण तुमच्या मशीनला फाईल कळत न्हाई. जुनं हाय ते. त्याला गाणं गाण्यासारखंच द्यावं लागतं, मग ऐंशीच मिनिटं. सोळा-सतरा गाणे."

तिथं तीनशेच्या वर गाणी होती. अक्कांचा चेहरा उतरला. ज्या बाईला आधी एक सांगता आलं नव्हतं, तिला आता तीनशेतली सोळा निवडायची होती, तीही न कळणाऱ्या भाषेतली.

"आकड्यांनी हायेत ना हे? कोणत्या आकड्याची सीडी जास्त घासली होती?" त्यांनी अचानक विचारलं.

मकसूदभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "चार नंबर! चार नंबर तीन बार करून नेली त्यांनी. दरवेळी म्हणायचे, झिजली."

चार नंबर ठरली. पहिली सीडी निम्म्यावर गेली असताना लाईट लपकली. एक क्षणच, पण कॉम्प्युटर विझला आणि सीडी वाया गेली. लाईट गेल्यावर साथ देणारा बॅटरीचा डबा कधीच मेला होता. दुसरी मशीननं घेतलीच नाही. ठेवून ठेवून खराब झाली होती. राहिली एक.

मकसूदभाईंनी तिसरी खिशातल्या स्वच्छ रुमालानं पुसली. दुकानातले दिवे, पंखा सगळं बंद केलं. "एकदम हळू लावतो. वीस मिनिटं. धक्का लावू नका टेबलाला."

पडद्यावरची निळी पट्टी सरकली की नाही, कळत नव्हतं. एवढ्यात एक पोरगी आली. "भाई, कव्हर दाखवा ना."

"वीस मिनिटं थांब."

"कव्हराला वीस मिनिटं? शिवून देणार का?"

मला हसू आलं, पण अक्कांकडं बघून ते गिळलं. त्या पदराचं टोक दातांत धरून बसल्या होत्या आणि दर थोड्या वेळानं वरच्या बंद पंख्याकडं बघत होत्या, जणू लाईट तिथूनच पळून जाणार होती. पट्टी भरली. ट्रे बाहेर आला. मकसूदभाईंनी सीडी दुकानातल्या जुन्या डेकवर लावली आणि ती बाई पुन्हा गायला लागली. त्यांनी काळ्या पेननं वर चार लिहिलं. पैसे घेतले नाहीत.

ऋतुजा मॅडमनं बजावलं होतं: समोर बसू नका, "म्हणा, म्हणा" करू नका, रडू तर मुळीच नका. अक्कांनी सीडी मशीनमध्ये घातली आणि स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ काही नाही. मग काठीचा आवाज. मग बटणाचा.

भाऊंनी ती पूर्ण ऐकली. संपली की पुन्हा लावली. पण आवाज काही आला नाही. पहिला दिवस, दुसरा, पाचवा. अक्कांचं जेवण सुटलं. "नुसतं ऐकतेत. आता दहा दिवस राहिले," त्या मला म्हणायच्या. मी म्हणायची, बंद तर करत नाहीत ना! पण माझाही धीर सुटत चालला होता. सातव्या दिवशी अक्कांनी मला हाक न मारता हातानं बोलावलं. दाराआडून बघितलं, तर भाऊंचे ओठ हलत होते, आणि ओळ संपताना त्या बाईच्या आवाजाखाली एक जाडाभरडा, फाटका आवाज शेवटचा शब्द ओढत होता. काय शब्द, देव जाणे. अक्कांचे तोंडावर दोन्ही हात घट्ट.

त्यानंतर रोज एखादा शब्द यायचा, गाण्यातच. गाणं थांबलं की तोही थांबायचा. पाण्यासाठी तोंड उघडलं तर पुन्हा तीच थरथर. अक्का पुन्हा काळजीत. हे तेलुगूच राहिलं तर? पाणी मागायला काय उपयोग त्याचा?

शिवरात्रीच्या आदल्या बुधवारी मॅडम आल्या तेव्हा मी तिथंच होते. त्यांनी वही उघडली. "काही नवीन?"

"काल," अक्का म्हणाल्या. "जेवायला वाढलं होतं. ताट निवत होतं आणि ह्यांचं गाणं काही संपंना. मी गेले आणि बटणावर हात ठिवला. तर म्हणले, ऱ्हाऊ दे."

मॅडमचं पेन थांबलं. "मराठीत? गाण्याशिवाय?"

"हाव."

"स्पष्ट होतं, काकू? नीट आठवून सांगा. तुम्हाला तसं वाटलं असेल."

"वाटलं कशाचं!" अक्का म्हणाल्या. "चांगले खेकसलेत माझ्यावर."